हर्निया : लपविण्याचे दुखणे नव्हे!

काही दुखणी माणूस चारचौघांत सांगतो, काही दडवून ठेवतो. ताप, खोकला, अंगदुखी यांची चर्चा पारावर होते, एस.टी.च्या थांब्यावर होते. परंतु जांघेत किंवा बेंबीजवळ गोळा दिसू लागला की तो कपड्याआड लपविला जातो. पुरुष बायकोलाही सांगत नाही आणि बाई तर सासरी माहेरी कोठेच सांगत नाही. कोणी त्याला 'अंतर्गळ' म्हणतात, कोणी 'आतडे उतरले' म्हणतात. डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात.

भोर तालुक्यातील कामथडी हे पुणे-सातारा महामार्गावरील गाव. या गावातील, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरील आणि पलीकडे वेल्ह्याच्या खोऱ्यांतील माणसांचे जीवन कष्टाचे आहे. पावसाळ्यात चिखलात वाकून भाताची लावणी करावयाची, सुगीत भाऱ्यांची ओझी वाहावयाची, उन्हाळ्यात बांधकामावर घमेली उचलावयाची. कोणी पुण्याच्या मार्केट यार्डात पोती वाहतो, कोणी शिरवळच्या कारखान्यात पाळी करतो, कोणाचे वडील मुंबईत हमाली करून म्हातारे झाले. अशा घरांत शरीर हेच भांडवल असते. शरीर अडले की चूल अडते. म्हणूनच या घरांत हर्निया सर्वांत जास्त लपविला जातो. ऑपरेशन म्हटले की तीन महिने खाडा, तीन महिने खाडा म्हणजे कर्ज, असा हिशेब मनात पक्का बसलेला असतो.

हा हिशेब आता जुना झाला आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया सुधारावी, तिचा खर्च उतरावा आणि माणूस लवकर उभा राहावा यासाठी जगभर संशोधन झाले. त्या संशोधनात आपल्या महाराष्ट्रातील दोन डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. एक पुण्याचे, म्हणजे कामथडीपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरचे. दुसरे धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा या छोट्या गावचे. त्यांचे काम आणि त्यातून आपल्या घरांनी घ्यावयाचा बोध आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हर्निया म्हणजे काय?

पोटाची भिंत मांसाची आणि चिवट पडद्यांची बनलेली असते. सायकलच्या टायरला एखाद्या जागी भेग पडली की आतली ट्यूब फुगा होऊन बाहेर डोकावते. तसेच पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमजोर झाली की आतील चरबी किंवा आतडे तेथून बाहेर येते. उभे राहिले, खोकले, कुंथले, ओझे उचलले की गोळा दिसतो. आडवे झाले की आत जातो. हाच हर्निया.

सर्वांत जास्त आढळतो तो जांघेतील हर्निया. तो पुरुषांत अधिक असतो, कारण गर्भात असताना मुलाची अंडकोषातील गोळी पोटातून ज्या वाटेने खाली उतरते ती वाट जन्मभर थोडी कमजोर राहते. इंग्लंडमधील एका अभ्यासानुसार आयुष्यभरात शंभरपैकी सुमारे २७ पुरुषांना आणि सुमारे ३ स्त्रियांना जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागण्याची शक्यता असते. जगात दरवर्षी दोन कोटींहून अधिक माणसांची ही शस्त्रक्रिया होते. इतक्या माणसांना होणारे दुखणे लाजेचे कसे असेल?

हर्निया का होतो, याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. केवळ ओझे उचलल्यामुळेच तो होतो असे नाही. जन्मतः राहिलेली कमजोरी, घराण्यातील वारसा, वाढते वय, जुनाट खोकला, बिडी-सिगारेट, लघवीला जोर करावा लागणे, बद्धकोष्ठ ही कारणेही त्यामागे असतात. परंतु कमजोर जागा असलेल्या माणसाने वर्षानुवर्षे उभ्याने कष्ट केले, जड ओझी वाहिली, तर त्रास वाढतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हर्नियाचा संबंध वाईट चालीशी नाही, कोणाच्या शापाशी नाही आणि करणीशी तर मुळीच नाही.

औषधाने, चूर्णाने, लेपाने किंवा मंत्राने पोटाच्या भिंतीचे भोक बुजत नाही. पट्टा बांधल्याने गोळा काही काळ दबून राहतो, पण भोक तसेच राहते. बुजवावयाचे तर शिवावे लागते.

शिवणकामाची शंभर वर्षे

शिवावयाचे कसे, हाच डॉक्टरांपुढचा मोठा प्रश्न होता. इटलीतील शल्यविशारद एदुआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात जांघेचा हर्निया थरांनुसार नीट शिवण्याची पद्धत घालून दिली. त्यापूर्वी शस्त्रक्रिया होत, पण हर्निया पुन्हा उलटत असे. बासिनींच्या पद्धतीने पुष्कळ फरक पडला. तरी एक अडचण राहिली. कमजोर भागाच्या दोन कडा ओढून एकमेकींना टाचल्या की त्यांवर ताण येतो. विरलेल्या धोतराच्या दोन कडा ओढून शिवल्या तर शिवणीशेजारी पुन्हा फाटते, हे घरातील प्रत्येक बाईला ठाऊक आहे. शरीराचेही तसेच.

यावर उपाय म्हणजे ठिगळ! अमेरिकेतील डॉ. आयर्विंग लिख्टेनश्टाइन यांनी १९८० च्या दशकात प्लॅस्टिकच्या बारीक जाळीचे ठिगळ लावून, कडा न ओढता हर्निया दुरुस्त करण्याची पद्धत रूढ केली. या जाळीला डॉक्टर 'मेश' म्हणतात. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि भिंत घट्ट होते. २०१८ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २५ अभ्यास आणि सहा हजारांहून अधिक रुग्ण एकत्र मोजले. बिनजाळीच्या तुलनेत जाळी लावलेल्या दर ४६ शस्त्रक्रियांमागे एक हर्निया पुन्हा उलटण्याचा टळतो, असे त्यात दिसले. आकडा लहान वाटेल. पण ज्या माणसाचा हर्निया पुन्हा उलटतो त्याला पुन्हा खाटेवर पडावे लागते, पुन्हा मजुरी बुडते.

मग प्रश्न सुटला का? नाही. जाळी महाग होती. परदेशी कारखान्यांची ती हातभर नव्हे, वीतभर जाळी गरिबाच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढी पडे. खेड्यातील डॉक्टर रुग्णाला जाळीचे नाव सांगत आणि रुग्ण मान खाली घालून विचारी, 'तिच्यावाचून नाही का भागत?' या एका प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे महाराष्ट्रातून निघाली.

पुण्याचे उत्तर : जाळी नकोच

पुण्यात काम करणारे शल्यविशारद डॉ. मोहन देसरडा यांनी विचार केला की ठिगळ बाहेरून आणण्यापेक्षा रुग्णाच्याच शरीरातून का घेऊ नये? जांघेच्या वरच्या बाजूला पोटाच्या बाहेरील स्नायूचा एक पांढरा, चिवट पडदा असतो. त्याची एक पट्टी ते अर्धवट मोकळी करतात, दोन्ही टोकांना मुळाशी जोडलेलीच ठेवतात आणि मागच्या कमजोर भिंतीवर शिवून टाकतात. पट्टी मुळाशी जोडलेली असल्याने तिचा रक्तपुरवठा चालू राहतो आणि स्नायू आवळला की तीही ताणली जाऊन भिंतीला आधार देते. जाळीचा खर्च नाही, शरीरात परकी वस्तू नाही.

२००१ साली त्यांनी ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. २००६ साली ८६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकाल उत्तम होते. पण विज्ञानाची रीत अशी आहे की स्वतःच्या पद्धतीला स्वतः दिलेले गुण पुरेसे मानले जात नाहीत. दुसऱ्यांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या रुग्णांवर पडताळा घ्यावा लागतो.

तसा पडताळा घेतला गेला. पोलंडमध्ये २०८ रुग्णांची जणू चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला देसरडा पद्धत, दुसऱ्याला जाळी. कोणाला काय मिळावे हे डॉक्टरच्या आवडीवर नाही, रुग्णाच्या पैशावर नाही. तीन वर्षांनी, म्हणजे २०१२ साली निकाल छापले गेले तेव्हा दोन्ही गटांत दोन-दोन रुग्णांचा हर्निया उलटलेला होता. बरोबरी! त्याच वर्षी आफ्रिकेतील युगांडा देशाच्या राजधानीतील मुलागो रुग्णालयात १०१ रुग्णांवर अशीच तुलना झाली आणि सुरुवातीच्या काळात दोन्ही पद्धतींत मोठा फरक आढळला नाही. पुण्यातील एका डॉक्टरची शिवण युरोपात आणि आफ्रिकेत तपासली जाते ही अभिमानाची गोष्ट आहे.

तरीही पूर्ण चित्र सांगणे आमचे कर्तव्य आहे. २०१८ साली जगभरातील हर्नियातज्ज्ञांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत जाळीच्या शस्त्रक्रियेला पहिले स्थान दिले आहे. बिनजाळीच्या पद्धतींत कॅनडातील शोल्डिस पद्धतीला वर ठेवले आहे आणि देसरडा पद्धतीबाबत अधिक पुरावा हवा असे म्हटले आहे. पद्धत आपल्या मातीतील आहे म्हणून तिला सूट नाही, आणि आपल्या मातीतील आहे म्हणून तिला कमी लेखण्याचेही कारण नाही. पुरावा वाढेल तसे मत बनेल.

दोंडाईचाचे उत्तर : मच्छरदाणी!

दुसरे उत्तर ऐकून पहिल्यांदा हसू येते. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर हे खेड्यातील रुग्णांमध्ये काम करणारे शल्यविशारद. महागडी जाळी हाती घेऊन पाहिली तर काय दिसते? बारीक छिद्रांचे प्लॅस्टिकचे कापड. मच्छरदाणीही बारीक छिद्रांचे प्लॅस्टिकचे कापडच असते. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी या कापडाचा अभ्यास केला, ते योग्य रीतीने निर्जंतुक करून वापरले आणि २००३ साली अनेक ठिकाणच्या रुग्णांवरील आपले निकाल 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये मांडले. काही पैशांच्या कापडाने काही हजारांच्या जाळीचे काम केले होते.

आमच्या वाचकांच्या मनात येथे एक शंका येईल आणि ती यावयासच हवी. श्रीमंताला कंपनीची जाळी आणि गरिबाला मच्छरदाणी, हा कुठला न्याय? गरिबाच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले, स्वस्तातले, कमी प्रतीचे यावे, ही तर जुनीच रीत. तिच्याविरुद्ध आपल्या मागच्या पिढ्या लढल्या. मग याला आपण संशोधन कसे म्हणावे?

या शंकेचे उत्तर कोणाच्या शब्दाने मिळणार नव्हते. ते मोजूनच मिळणार होते. स्वीडन व युगांडा येथील डॉक्टरांनी मिळून ते मोजले. युगांडातील एका ग्रामीण रुग्णालयात ३०२ पुरुष रुग्ण घेतले. पुन्हा चिठ्ठीनेच दोन गट. एकास कंपनीची जाळी, दुसऱ्यास मच्छरदाणीच्या कापडाची. कोणाच्या पोटात कोणती जाळी आहे हे रुग्णाला सांगितले नाही आणि नंतर तपासणाऱ्यालाही माहीत नव्हते. म्हणजे पक्षपाताला वावच ठेवला नाही. वर्षभराने तपासणी झाली. कंपनीच्या जाळीच्या गटात एकाचाही हर्निया उलटला नव्हता, स्वस्त जाळीच्या गटात एकाचा उलटला होता. सूज, रक्त साकळणे अशा छोट्यामोठ्या तक्रारी दोन्ही गटांत ४४-४४ जणांना झाल्या. दोन्ही जाळ्यांत फरक म्हणावा असा फरक नव्हता. किमतीत मात्र होता! कंपनीची जाळी शंभर डॉलरहून महाग आणि ही एका डॉलरच्या आसपास. २०१६ च्या जानेवारीत हे निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

यातून काय शिकावे? स्वस्त वस्तू आणि हलकी वस्तू यांत फरक आहे. न तपासता गरिबाच्या गळ्यात मारलेली स्वस्त वस्तू हा अन्याय आहे. श्रीमंताच्या वस्तूशेजारी ठेवून, त्याच मापाने मोजून, बरोबरीची ठरलेली स्वस्त वस्तू हा गरिबाचा हक्क आहे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. हे कापड म्हणजे बाजारातून आणलेली कोणतीही मच्छरदाणी नव्हे. प्लॅस्टिकचा प्रकार, छिद्रांचा आकार, निर्जंतुक करण्याचे तापमान हे सर्व ठरलेले असते आणि डासांचे औषध लावलेली मच्छरदाणी तर मुळीच चालत नाही. हे काम शल्यविशारदाचे आहे, घरचे नव्हे. शिवाय आता देशी कंपन्यांच्या जाळ्याही मिळतात. तेव्हा डॉक्टरला किंमत व पर्याय निःसंकोच विचारावेत.

आयाबहिणींसाठी

हर्निया पुरुषांचाच असतो हा समज बायकांच्या जिवावर बेततो. स्त्रियांमध्ये जांघेच्या जरा खाली, मांडीच्या सुरुवातीला एक प्रकारचा हर्निया होतो. तो लहान असतो, पण त्यात आतडे अडकण्याचा धोका जास्त. म्हणून स्त्रीच्या जांघेत गोळा आढळला तर वाट पाहू नये, लवकर शस्त्रक्रिया करून घ्यावी असे तज्ज्ञ सांगतात. जेथे सोय आहे तेथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया स्त्रियांसाठी अधिक योग्य मानली जाते.

दुसरा प्रकार जुन्या टाक्यांच्या जागेचा. सिझेरियन किंवा पोटाचे दुसरे ऑपरेशन झाल्यावर काही वर्षांनी त्याच जागी पोट फुगून येते. याबाबतचे एक संशोधन आमच्या भगिनींना लगेच पटेल. हॉलंडमधील डॉक्टरांनी ५६० रुग्णांवर प्रयोग करून २०१५ साली निकाल मांडले. पोट शिवताना काहींना एकेक सेंटिमीटरवर मोठे टाके घातले, काहींना अर्ध्या सेंटिमीटरवर बारीक टाके. वर्षभरात मोठ्या टाक्यांच्या गटात शंभरपैकी २१ जणांना हर्निया झाला, बारीक टाक्यांच्या गटात १३ जणांना. वाकळ शिवणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी शिकविले नव्हते, तरी त्यांचा टाका बारीकच असे, कारण बारीक टाक्याची वाकळ टिकते. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही, फक्त हात जरा अधिक वेळ चालवावयाचा.

लहान मुलांचे वेगळे आहे. बाळाची बेंबी फुगलेली असेल तर ती बहुधा चार-पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर नाणे बांधू नये, त्याने कातडी चिघळते. परंतु बाळाच्या जांघेत गोळा आला तर तो आपोआप बरा होत नाही. त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावे.

ऑपरेशन आज की उद्या?

प्रत्येक हर्नियाला धावत जाऊन ऑपरेशन करावे लागते का? अमेरिकेत ७२० पुरुषांवर याचाही अभ्यास झाला. त्यांचा हर्निया फारसा दुखत नव्हता. अर्ध्यांची शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांना डॉक्टरच्या नजरेखाली थांबविले. २००६ साली निकाल आले. थांबलेल्यांत आतडे एकाएकी अडकण्याचे प्रमाण हजार माणसांमागे वर्षाला दोनाहूनही कमी होते. पण त्यांचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला तेव्हा दहा वर्षांत शंभरपैकी सुमारे ६८ जणांनी शेवटी शस्त्रक्रिया करून घेतली, मुख्यतः दुखू लागले म्हणून.

याचा अर्थ असा. गोळा दुखत नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. लावणी उरकून, सुगी उरकून, मुलीचे लग्न उरकून शस्त्रक्रिया ठरविता येते. पण डॉक्टरला दाखवून थांबणे वेगळे आणि लपवून थांबणे वेगळे. आणि ज्यास रोज ओझे वाहावयाचे आहे, ज्याचा गोळा वाढतो आहे, दुखतो आहे, त्याने फार लांबणीवर टाकू नये.

उठा, चाला!

आता तीन महिन्यांच्या खाड्याचा हिशेब पाहू. पूर्वी हर्नियाच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवीत. कॅनडात डॉ. एडवर्ड शोल्डिस यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेगळेच केले. हर्नियामुळे सैन्यात नाकारलेल्या तरुणांवर ते शस्त्रक्रिया करीत आणि त्यांना लगेच चालावयास लावीत. १९४५ साली त्यांनी टोरांटोत स्वतःचे रुग्णालय काढले. तेथे केवळ तेवढी जागा बधिर करून शस्त्रक्रिया करीत आणि रुग्ण टेबलावरून उतरून चालू लागे. टाके तुटत नव्हते, उलट माणूस लवकर बरा होत होता.

पुढे डेन्मार्कमध्ये जाळीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना एकच दिवस विश्रांती घ्या, मग जमेल तसे कामाला लागा, असा सल्ला देऊन पाहिला. २००४ साली निकाल आले. लवकर हालचाल केल्याने हर्निया उलटण्याचे प्रमाण वाढले नव्हते. आज जागतिक मार्गदर्शक सूचना हेच सांगतात. दुखत नसेल तेवढी रोजची कामे तीन ते पाच दिवसांत सुरू करावीत, बंधन घालून घेऊ नये.

पन्नास किलोचे पोते आणि घरातील रोजची कामे मात्र सारखी नव्हेत. जड ओझ्याच्या कामावर कधी परतावे हे शस्त्रक्रियेचा प्रकार व हर्नियाचा आकार पाहून आपल्या डॉक्टरनेच सांगावे. आपण त्याला 'मी मजूर आहे' एवढेच न सांगता नेमके सांगावे : किती किलो उचलतो, दिवसात किती वेळा, डोक्यावर की पाठीवर. त्यावरून तो नेमका दिवस सांगू शकेल. मुकादमाला व मालकालाही तो कागद दाखविता येईल.

एक बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शस्त्रक्रियेनंतर शंभरपैकी सुमारे दहा ते बारा जणांना तीन महिन्यांपलीकडेही थोडेफार दुखत राहते. बहुतेकांचे दुखणे सौम्य असते, काहींचे कामाच्या आड येते. असे झाले तर 'ऑपरेशन फसले' म्हणून घरी बसू नये, पुन्हा त्याच डॉक्टरला दाखवावे. दुखण्यावर उपाय आहेत.

खर्च आणि हक्क

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. भोरचे सरकारी रुग्णालय, पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आपलीच आहेत. मोठ्या उपचारासाठी ससून आहे. खासगी रुग्णालयात जावयाचे झाल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला आधी विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत ठेवावे.

कधी एखाद्या रुग्णालयात 'आमच्या अभ्यासात सहभागी व्हा' असे विचारले जाते. वर सांगितलेली सर्व माहिती अशा सहभागी झालेल्या साध्या माणसांमुळेच जगाला मिळाली. तेव्हा घाबरू नये आणि डोळे मिटून अंगठाही देऊ नये. अभ्यास कशाचा, धोका काय, नुकसान झाले तर जबाबदार कोण, हे आपल्या भाषेत समजावून घ्यावे. संमतीचा कागद वाचून किंवा वाचून घेऊन सही करावी, त्याची प्रत मागावी. अभ्यासातून कधीही बाहेर पडण्याचा आणि तरीही उपचार मिळण्याचा हक्क आपल्याला आहे. नकार दिला म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

हे कापून भिंतीवर लावा

हर्नियाचा गोळा एकाएकी कडक झाला, आत जाईना, खूप दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, वारा सरेना, तर आतडे अडकले असे समजावे. काही तासांत आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडून ते सडू शकते. गोळा जोराने दाबू नये, तेल लावून चोळू नये, शेकू नये, खाण्यापिण्यास काही देऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, रात्र असली तरी.

ऑपरेशनपूर्वी : बिडी, तंबाखू शक्य तितक्या आधी सोडावी. खोकला, बद्धकोष्ठ, लघवीचा त्रास असेल तर आधी त्यावर उपचार घ्यावेत. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर सांगावे. केवळ तेवढी जागा बधिर करून शस्त्रक्रिया होईल का, हे विचारावे.

ऑपरेशननंतर : त्याच दिवशी आधाराने उठून चालावे. खोकताना, शिंकताना जखमेवर हात ठेवावा. भाजी, ताक, भरपूर पाणी घ्यावे म्हणजे कुंथावे लागणार नाही. जखम लाल झाली, पू आला, ताप आला तर थांबू नये.

घरात कोणी चालताना जांघेवर हात ठेवीत असेल, ओझे उचलताना तोंड वाकडे करीत असेल, तर त्याला विचारा. बाप असेल तर मुलाने विचारावे, सासू असेल तर सुनेने विचारावे. एक साधी तपासणी, काही दिवसांची विश्रांती, आणि वर्षानुवर्षे दडविलेले दुखणे संपते.